मागून सायरन आला की पाय कुठे जातो

मी चोवीस वर्षं नागपुरात ॲम्ब्युलन्स चालवली. सुरुवात ओम्नीवर, शेवट ट्रॅव्हलरवर. मेडिकल, मेयो, धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने: कुठल्या गेटातून गाडी उलटी घ्यायची आणि कुठे सरळ, ते आजही झोपेत सांगेन. आता गाडी सोडली आहे. मानेवाड्यात घरी असतो आणि रविवारी सकाळी स्कूल व्हॅनच्या ड्रायव्हर पोरांना चार गोष्टी सांगतो. गाडी चालवणं त्यांना येतंच. गडबड झाली की आपल्या हातापायांचं काय होतं, ते माहीत नसतं. तेवढंच शिकवतो. एक पोरगा म्हणाला, "काका, लिहून काढा ना, दर वेळी सांगून राहिले तुम्ही." म्हणून हे.

या चोवीस वर्षांत मी लोकांची तोंडं फार पाहिली नाहीत, पाठी पाहिल्या. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरसमोर सारं शहर पाठमोरं असतं. पण गाडीची पाठही बोलते. ब्रेकचा लाल दिवा कधी लागला, गाडी कोणत्या बाजूला झुकली, इंडिकेटर दिला की नाही, एवढ्यावरून आत बसलेल्याचं काय चाललंय ते कळतं.

पोरांना पहिल्यांदा सांगतो ते हे, की वाट अडवणारा माणूस सहसा वाईट नसतो. मुद्दाम आडवे राहिलेले ड्रायव्हर मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांना वाट द्यायचीच होती. पण सायरन कानात शिरला आणि डोक्याच्या आधी पाय हलला.

बहुतेकांचा पाय ब्रेकवर जातो. आहे तिथेच, रस्त्याच्या मधोमध, गाडी ठप्प. त्याला वाटतं, आपण मान दिला. प्रत्यक्षात त्याने माझ्यापुढे भिंत बांधलेली असते. मागे ट्रॅव्हलर आहे, आत स्ट्रेचर आहे, सलाइन लटकतंय, आणि एक माणूस उभा राहून पेशंटची छाती दाबतोय. मी कचकन ब्रेक मारला की तो उभा माणूस थेट पार्टिशनवर. माझ्या एका अटेंडंटचा पुढचा दात असाच गेला. ज्यांच्यामुळे गेला ते काका गाडीतून उतरून हात जोडून उभे राहिले, "भाऊ, मी तर तुमच्यासाठीच थांबलो होतो." खरंच थांबले होते. काय बोलणार?

दुसऱ्या जातीच्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. आपण पुढे पळालो की मागच्याला रस्ता मोकळा होईल, असा त्याचा हिशोब. मग तो माझ्याच लेनमध्ये, माझ्याच पुढे, सत्तरने पळतो, चौक आला की घाबरून ब्रेक मारतो, पुन्हा पळतो. १०८ नंबरच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. अशा माणसाला आम्ही बिनपगारी पायलट म्हणायचो. एकाने मला रहाटे कॉलनीपासून पार विमानतळाच्या वळणापर्यंत सोबत दिली होती.

तिसऱ्याचा पाय कुठेच जात नाही, कारण त्याला ऐकूच येत नाही. काच बंद, एसी, गाणी. यात त्याची चूक असते आणि नसतेही. बंद गाडीत सायरन उशिरा पोचतो, आणि पोचला तरी कुठून येतोय ते कळत नाही. वर्धा रोडवर डबल डेकर उड्डाणपुलाच्या खाली तर आवाज वरच्या काँक्रीटला आपटून सगळीकडूनच येतो. लोक समोर बघतात, उजवीकडच्या गल्लीत बघतात, आणि मी त्यांच्या डिकीला लागून उभा. म्हणून चौक जवळ आला की आम्ही सूर बदलतो. सरळ रस्त्यावर लांब हेल, चौकापाशी तुटक आणि भराभर. हेल तुटला असं कानावर आलं की समजा, गाडी चौकात शिरतेय.

आता करायचं काय ते सांगतो.

आवाज आला की पाय हलका करा. ब्रेक नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. गाडी आपोआप थोडी मंदावते आणि डोक्याला दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत आरसे पाहा, तिन्ही. दिवा कुठे दिसतोय, किती लांब आहे. मग डावा इंडिकेटर. हा इंडिकेटर सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी लोक देतात. तो मागच्या ॲम्ब्युलन्सवाल्यासाठी आहे. त्याला कळतं की या माणसाने मला पाहिलं, आता हा कुठे जाणार ते ठरलं, मी उजवीकडून निघू शकतो. इंडिकेटर दिसला नाही तर मला तुमच्या मागे वेग कमी करून वाट बघावी लागते, आणि त्यात जातात ते सेकंद तुमच्या थांबण्यापेक्षा जास्त असतात. मग हळूहळू डावीकडे. पूर्ण थांबायची गरज क्वचितच पडते. वीस-पंचवीसच्या वेगाने डावी कड धरून चालत राहिलात तरी पुरे.

डावीकडे जागाच नसेल तर? महालात, इतवारीत हेच असतं. डावीकडे ऑटो, हातगाडी, कोणाची तरी स्कूटर. तिथे थांबू नका. इंडिकेटर देऊन पुढे चालत राहा आणि पहिली पोकळी दिसली की तिच्यात शिरा. अरुंद जागी थांबून वाट देता येत नाही, पुढे सरकूनच देता येते. अजनीच्या जुन्या पुलावर असाल तर पूल उतरेपर्यंत चालत राहा, आणि उतरल्यावर डावीकडे. उड्डाणपुलांवरही तेच. सगळ्यांनी एका ओळीत डावीकडे यायचं, पण चालत यायचं. पुलावर पुढचे दोघे जरी थांबले तरी मागे सगळा पूल तुंबतो.

लाल सिग्नलवर तुम्ही सर्वात पुढे असाल, तेव्हा खरी परीक्षा. मागे सायरन, उजवीकडून वाहतूक सुरू, आणि मागचे सगळे हॉर्न मारून राहिले. इथे घाबरून लोक सरळ चौकात घुसतात. असं कधीच करू नका. चौक पार करणं माझं काम आहे, मी थांबून, दोन्हीकडे पाहून करतो. तुमचं काम एवढंच, की स्टॉप लाइनच्या थोडं पुढे, डावीकडे तिरपी गाडी घ्यायची, जेणेकरून तुमच्या उजवीकडे एका गाडीची जागा होईल. लोक म्हणतात, कॅमेरा आहे, चलान येईल. आलं तर त्यावर ऑनलाइन तक्रार करता येते. आणि पैशांचाच हिशोब करायचा तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई मध्ये ॲम्ब्युलन्सला, अग्निशमनाच्या गाडीला वाट न दिल्याबद्दल १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

ॲम्ब्युलन्स गेली की लगेच उजवीकडे येऊ नका. मोठा अपघात असला की दोन-तीन गाड्या ओळीने येतात. शिवाय ॲम्ब्युलन्सच्या मागे शेपूट असतं, फुकटचा रस्ता मिळाला म्हणून चिकटलेल्या बाइक आणि एखादी कार. तुम्ही आरसा न बघता परत लेनमध्ये आलात की हे शेपूट तुमच्या दारात. आणि स्वतः शेपूट व्हायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, मी कधीही आणि कितीही जोरात ब्रेक मारू शकतो.

हिवाळी अधिवेशनाचे दिवस मात्र वेगळे. मोर्चे असतात, सीताबर्डी-झिरो माइलकडचे रस्ते बंद असतात, आणि तिथे ड्रायव्हरने काही केलं तरी फारसा उपयोग नसतो. पण खरं सांगू? मोर्चातले लोक गाडीवाल्यांपेक्षा लवकर वाट देतात. पायी माणसाला ब्रेक-ॲक्सिलरेटरचा घोळ नसतो.

हे झालं दुसऱ्याच्या इमर्जन्सीचं. आता स्वतःची.

२०१६ च्या मे महिन्यात रात्री पावणेबाराला माझ्या दादाच्या छातीत कळ आली. हुडकेश्वरला राहतो. मी तिथेच जेवायला होतो, माझी आल्टो दारात. चोवीसातली अठरा वर्षं तेव्हा झाली होती. किती हार्ट अटॅक पोचवले याची मोजदाद नाही. दादाला मागे टाकलं, पोराला शेजारी बसवलं आणि निघालो. तुकडोजी चौकापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. इंजिन बोंबलत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. पोरगा सांगतो, तो तीनदा म्हणाला, "बाबा, गिअर." हँडब्रेक अर्धा ओढलेलाच होता, जळका वास येत होता, तोही मला आला नाही. आणि ज्या गेटातून मी शेकडो वेळा गाडी आत घातली होती, ते गेट चुकून मी पुढे गेलो. सरळ. पोराने हात धरून थांबवलं. रिव्हर्स घेताना गिअर सापडेना.

दादा वाचला. अजूनही चहात तीन चमचे साखर टाकतो, आणि मला 'गेट विसरणारा' म्हणतो.

त्या रात्रीनंतर मला माझ्यापुढच्या पाठींचा राग यायचा बंद झाला. जीव धोक्यात आहे असं वाटलं की शरीर पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. हृदय धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं. पळायला ते बरं आहे. पण गाडी चालवायला बोटांची बारीक हालचाल लागते, आणि नेमकी तीच जाते. नजर बोगद्यातून पाहावं तशी होते: समोरचं दिसतं, आरसा दिसत नाही, बाजूची बाइक दिसत नाही. कानही बंद होतात. आणि वेळ भलतीच वाटायला लागते. दोन मिनिटं दहा वाटतात, म्हणून पाय आपसूक खाली जातो.

यावर उपाय विचित्र आहे, पण चालतो. बोलत चालवा, मोठ्याने. "समोर लाल आहे. डावीकडून ऑटो येतोय. तिसऱ्यात टाकतो. आरसा पाहिला, मागे कोणी नाही." ऐकणाऱ्याला वाटेल डोकं फिरलं. पण जे बोलायचं ते आधी बघावं लागतं, आणि बघायला लागलं की बोगदा रुंद होतो. दुसरं, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या, लांब सोडा. निघण्याआधी हे तीनदा करा, गाडी सुरू करण्याच्या आधी. दहा सेकंद जातात. मी त्या रात्री ते दहा सेकंद वाचवले आणि रिव्हर्समध्ये मिनिट घालवलं.

घरातला माणूस अत्यवस्थ असेल आणि स्वतःच्या गाडीतून न्यायची वेळ आली, तर ज्याचं माणूस आहे त्याने चालवू नये. शेजारी उठवा. रात्री दोनला उठवलं म्हणून नागपुरात कोणी रागावत नाही. उलट "काहून नाही उठवलं बे मले" म्हणून दुसऱ्या दिवशी भांडतात. आणि त्याआधी एकाने १०८ लावलेला असू द्या. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, फोनवर ते किती वेळात पोचतील हे सांगतात. गाडी जवळ असेल तर थांबणं चांगलं, कारण वाटेत काही झालं तर तुमच्या कारमध्ये ऑक्सिजन नाही.

निघालात तर आपसांत कामं वाटा. मागे पेशंटसोबत एक जण, त्याने पेशंटशीच बोलायचं. ड्रायव्हरशी नाही. "लवकर, लवकर" हे मागून ओरडणं म्हणजे ड्रायव्हरच्या पायावर पाय ठेवणं आहे. शेजारच्याने फोन सांभाळायचा: दवाखान्याला कळवायचं, कोणत्या गेटाने यायचं ते विचारायचं, रस्ता सांगायचा. ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही.

लोक अशा वेळी चारही इंडिकेटर एकदम लावून पळतात. त्यामुळे तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कोणालाच कळत नाही. हेडलाइट लावा, दिवसासुद्धा. हॉर्न आखूड, तोडून तोडून. सतत दाबलेल्या हॉर्नला नागपूरकर दाद देत नाहीत, लग्नाची वरात समजतात. शिवाय हॉर्नवर हात गेला की स्टिअरिंगवर एकच हात उरतो. खिडकीतून पांढरा रुमाल हलवणं जुनं आहे पण उपयोगी आहे, फक्त हलवणाऱ्याने अर्धं अंग बाहेर काढू नये आणि बेल्ट सोडू नये.

आणि वेगाचा हिशोब शांतपणी एकदा करून ठेवा, कारण त्या वेळी होणार नाही. दोन चौकांमध्ये अर्धा किलोमीटर धरू. ४० च्या वेगाने ४५ सेकंद लागतात, ६० ने ३०. पंधरा सेकंद वाचले, आणि पुढच्या लाल दिव्यावर तेच पंधरा सेकंद जास्त थांबलात. शहरात वेळ चौकात जाते, रस्त्यावर नाही. म्हणून जोर द्यायचा तो वेगावर नाही, कमी चौकांच्या रस्त्यावर. उलट बाजूला काय वाढलं ते बघा: ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर गाडी ब्रेक न लागताच गेली. रात्री मानेवाडा रोडवर पंचवीस मीटरमध्ये किती कुत्री बसलेली असतात ते तुम्हीच मोजा. आणि कुत्रं आडवं आलंच तर त्याच्याकडे बघू नका. नजर जिथे, गाडी तिथे. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा, ब्रेक सरळ रेषेत दाबा, चाक हिसडू नका. बाइकवाल्यांना तर हे शपथ देऊन सांगतो.

एक उलटा अनुभवही आहे. मी दोनदा अवयव घेऊन जाणारी गाडी चालवली, ग्रीन कॉरिडॉरमध्ये. काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हावं लागतं, म्हणून पोलीस रस्ता मोकळा करतात. प्रत्येक चौकात शिपाई, सगळं थांबलेलं. वाटेल, सोपं काम. पण दोन्ही वेळा माझे तळवे घामाने भिजले होते. रिकाम्या रस्त्यावर वेग कळत नाही. काटा बघून बघून चालवावं लागलं. समृद्धीवर गाडी घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

समृद्धीचा विषय निघालाच आहे तर टायर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि आमच्या गल्लीतला प्रत्येक जण एकदा १२० ने चालवून आला. नागपूरचा उन्हाळा, पंचेचाळीसचा पारा, तापलेलं काँक्रीट आणि हवा कमी असलेला जुना टायर. हवा कमी असली की टायरची भिंत सारखी दुमडते, आतून तापते आणि फाटते. लोकांना वाटतं उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. उलटं आहे. कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी ठेवा, आणि टायर थंड असताना मोजा.

टायर फुटला की बंदुकीसारखा आवाज येतो आणि स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं. पाय ब्रेकवर जाणार, शंभर टक्के जाणार. तो नेऊ नका. मोठ्या वेगात फाटलेल्या टायरवर ब्रेक मारला की गाडी फिरते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडीला स्वतः मंद होऊ द्या. चाळीसच्या खाली आली की हलका ब्रेक, डावीकडे. मग गाडीत बसून फोन करू नका. सगळे खाली उतरा, कठड्याच्या पलीकडे उभे राहा, आणि मागे बरंच लांब त्रिकोण ठेवा. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. तेव्हापासून मी लांबच्या बसमध्ये बसलो की आधी मागची खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते पाहतो. तुम्हीही बघा, फार वेळ लागत नाही.

ब्रेक फेलचं थोडक्यात. पायडल भराभर दाबून सोडा, अनेकदा दाब परत येतो. गिअर एक-एक खाली. हँडब्रेक हळूहळू ओढा, बटण दाबून धरून, एकदम नाही. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही दगडासारखे होतात. आणि माझ्याकडे 'ब्रेक फेल' म्हणून आलेल्या पोरांपैकी दोघांच्या पायडलखाली पाण्याची बाटली घरंगळून बसली होती. ड्रायव्हरच्या पायाशी काहीही ठेवू नका. चप्पलसुद्धा.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूर विसरलेलं नाही. मध्यरात्रीनंतर काही तासांत एवढा पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात आली, मोरभवनच्या बस पाण्यात उभ्या होत्या. माझा भाचा अंबाझरीच्या खालच्या अंगाला राहतो. पार्किंगमध्ये पाणी शिरतंय म्हणून गाडी वाचवायला निघाला. रस्ता दिसत नव्हता. पुढे एका गाडीचे लाल दिवे दिसले, तो त्यांच्या मागे गेला. दिवे चालले तिकडे हा चालला. मग ते दिवे बुडाले.

घाबरलेला ड्रायव्हर पुढच्याच्या मागे जातो. पुढच्याला माहीत असेल असं वाटतं. पुढच्यालाही तेच वाटत असतं, त्याच्या पुढच्याबद्दल. भाच्याने काच आधीच अर्धी उघडली होती, तीही काचेवर वाफ धरली म्हणून, अक्कल होती म्हणून नाही. तिच्यातून निघाला, एका भिंतीवर बसला सकाळपर्यंत.

म्हणून पाण्यात हे ध्यानात ठेवा. रस्त्याची कड दिसत नसेल तर जाऊच नका, पुढचा गेला तरी. लोहापूल, नरेंद्रनगरचा अंडरपास अशा ठिकाणी पाऊस जोराचा असताना वळसा घ्या, दहा मिनिटं जाऊ द्या. हातभर खोल पाणी लहान कारला उचलायला पुरतं, वाहतं असेल तर त्याहून कमीही. अडकलात आणि पाणी चढत असेल तर क्रम असा: बेल्ट काढा, काच खाली करा, पोरांना आधी बाहेर द्या. दाराशी झटू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. काच मात्र लाइट चालू आहेत तोवरच खाली होते. आणि पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करू नका. आत पाणी गेलं असेल तर सेल्फ मारताच इंजिन कायमचं जातं. भाच्याने गाडी सोडली तेव्हा ती दुरुस्त होण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक यायच्या आधी त्याच्या मित्राने 'बघू तर' म्हणून सेल्फ मारला.

समोर अपघात दिसला तर गाडी मंद करून मान वळवत जाऊ नका, मागचा तुमच्यावर येतो. थांबायचं असेल तर अपघाताच्या पुढे जाऊन डावीकडे थांबा. ११२ किंवा १०८ लावा. ठिकाण सांगताना नागपुरात सगळ्यात चांगली खूण म्हणजे मेट्रोचा पिलर. "व्हेरायटी चौकाच्या पुढे" यापेक्षा पिलरचा नंबर सांगितला की गाडी नेमकी येते. हायवेवर किलोमीटरचा दगड. मदत केली म्हणून पोलीस अडकवतील ही भीती सोडा, कायद्यात कलम १३४-ए आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. हेल्मेट ओढून काढू नका. मानेला मार असेल तर तिथेच बिघडतं.

आता सराव. वाचून यातलं काही येणार नाही, पाय वाचत नाही. बेसा-पिपळ्याच्या पुढे लेआउट पडलेत, प्लॉट विकले गेलेत, घरं नाहीत, रस्ते डांबरी आणि रिकामे. मी पोरांना तिथे नेतो. मागे कोणी नाही, आसपास पोरंबाळं नाहीत, हे पाहून ४० ला गाडी आणायची आणि ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा. बहुतेक ड्रायव्हरांनी आयुष्यात कधी पूर्ण ब्रेक दाबलेला नसतो. २०१९ पासून आलेल्या नव्या कारमध्ये एबीएस असतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, आणि ते काम करायला लागलं की पायडल पायाखाली घरघरतं, थरथरतं. ज्याला ठाऊक नाही तो घाबरून पाय काढतो, ऐन वेळी.

गेल्या रविवारी एका पोराने तेच केलं. गाडी अर्ध्यात सोडून माझ्याकडे बघून राहिला. "काका, काही तुटलं का बे आत?"

"नाही रे. तेच काम करून राहिलं. परत चाळीसला आण. आणि या वेळी दाबून धर, गाडी उभी राहीपर्यंत."